तणाव, पेशी आणि एक जुना प्रश्न : मेंदूच्या बदलत्या आकाराचा इतिहास

#थ्रेड

१/१८
ऑक्टोबर १९१६. हॅरी फार या २५ वर्षांच्या ब्रिटिश सैनिकाला भ्याडपणाच्या आरोपाखाली त्याच्याच सैन्याने गोळ्या घालून ठार केले. आदल्या वर्षी तो 'शेल शॉक'मुळे पाच महिने रुग्णालयात होता. पहिल्या महायुद्धात अशा रीतीने मृत्युदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून मरणोत्तर माफी दिली.

२/१८
या दोन घटनांमध्ये ९० वर्षांचे अंतर आहे. त्या काळात एका प्रश्नाचा पाठपुरावा चालू राहिला : सततच्या भयाने आणि ताणाने माणूस मोडतो, तेव्हा त्याच्या शरीरात नेमके काय बदलते? की काहीच बदलत नाही, आणि दोष केवळ स्वभावाचा असतो? या प्रश्नाचे उत्तर मेंदूतील पेशींपर्यंत कसे पोहोचले, त्याचा हा इतिहास.

३/१८
१९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली. डॉक्टरांत लगेच दोन पक्ष पडले. फ्रेडरिक मॉट यांच्यासारखे वैद्य मृत सैनिकांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली इजेच्या खुणा शोधत होते. दुसऱ्या पक्षाला यात मनाचा दुबळेपणा दिसत होता. खूण सापडली तर आजार, नाही तर भ्याडपणा, असा तो सरळ हिशेब होता.

४/१८
पेशी पाहण्याचे साधन तेव्हाही उपलब्ध होते. इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये मेंदूचे काप चांदीच्या क्षाराने रंगवण्याची पद्धत शोधली. तिचे वैशिष्ट्य असे, की हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशी रंगतात. पण ज्या रंगतात, त्या फांद्यांसह संपूर्ण काळ्या होतात. दाट अरण्यातील एकच झाड मुळांपासून शेंड्यापर्यंत उजळून निघावे, तसे.

५/१८
स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत सुधारून चेतापेशींची अप्रतिम चित्रे काढली. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. मात्र प्रौढ मेंदूतील मार्ग एकदा घडले की कायमचे ठरलेले, त्यांत नवी वाढ होत नाही, असे काहाल यांचे मत होते. त्यांच्या अधिकारामुळे हे मत पुढे अनेक दशके टिकून राहिले.

६/१८
प्रश्नाला पुढचे वळण मॉन्ट्रियलमध्ये मिळाले. १९३६ मध्ये हान्स सेली यांनी 'नेचर'मध्ये एक छोटे टिपण लिहिले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, अति व्यायाम करायला लावा किंवा विष टोचा; परिणाम तेच. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस आकसते, जठरात व्रण पडतात. कारणे भिन्न, पण शरीराचा प्रतिसाद एकच. यालाच पुढे 'स्ट्रेस' म्हणजे तणाव हे नाव रूढ झाले.

७/१८
तणाव आता मोजता येण्याजोगी शारीरिक घटना ठरला होता. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कामाला १९५० चे नोबेल मिळाले. पण या सगळ्या चित्रात मेंदूची भूमिका हुकूम सोडणाऱ्याची होती. त्या हुकमाचे फळ मेंदूलाही भोगावे लागत असेल, याचा विचार फारसा झाला नव्हता.

८/१८
१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्एवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच तपासले. अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांना त्यांनी किरणोत्सर्गी खूण केलेले तणावाचे संप्रेरक टोचले आणि ते मेंदूत कुठे साठते ते पाहिले. ते सर्वाधिक साठले हिप्पोकॅम्पस या भागात.

९/१८
याचे महत्त्व कळण्यासाठी ११ वर्षे मागे जावे लागते. १९५७ मध्ये विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली होती. अपस्मारावरील उपाय म्हणून त्याच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला, आणि त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या. म्हणजे तणावाचे रसायन थेट स्मृतीच्या दारात जाऊन पोहोचत होते.

१०/१८
रसायन पोहोचते हे कळले; ते तिथे करते काय? १९९० मध्ये कॅथरीन वूली, एलिझाबेथ गूल्ड आणि मॅक्एवन यांनी उंदरांना २१ दिवस हे संप्रेरक दिले. हिप्पोकॅम्पसच्या एका विशिष्ट पट्ट्यातील चेतापेशींच्या वृक्षिका, म्हणजे संदेश ग्रहण करणाऱ्या फांद्या, आखूड आणि विरळ झालेल्या दिसल्या. १९९२ मध्ये उंदरांना २१ दिवस रोज सहा तास जखडून ठेवल्यावरही तेच घडले.

११/१८
हे बदल दिसले ते गोल्जी यांच्याच पद्धतीने. १८७३ ते १९९० : साधन ११७ वर्षे प्रयोगशाळेत हाताशी होते. प्रौढ पेशीचा आकार बदलत नाही हे गृहीत धरल्यावर निरोगी पण त्रस्त प्राण्याच्या पेशीच्या फांद्या मोजण्याचे कारणच उरत नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात उपकरणांच्या अभावाइतकाच प्रश्नांचा अभावही निर्णायक ठरतो, तो असा.

१२/१८
आता नवी शंका उभी राहिली : ही छाटणी म्हणजे नाश का? उत्तर अनपेक्षित होते. तणाव थांबल्यावर उंदरांच्या या फांद्या पुन्हा वाढत. १९९२ मध्येच रशियन संशोधकांनी शीतनिद्रा घेणाऱ्या खारींमध्ये असाच बदल नोंदवला. निद्रेत फांद्या आखडतात आणि खार जागी झाल्यावर काही तासांत पुन्हा पसरतात. या आखडण्याला आजार म्हणता येत नाही. ती ऋतूशी जुळवून घेण्याची रीत आहे.

१३/१८
म्हणून मॅक्एवन यांनी 'हानी'पेक्षा 'जुळवून घेणे' या शब्दावर भर दिला. पण जुळवून घेण्यालाही किंमत पडते. १९९३ मध्ये त्यांनी एलियट स्टेलर यांच्यासह 'ॲलोस्टॅटिक लोड' ही कल्पना मांडली. संकटात वाचवणारी यंत्रणाच सतत चालू राहिली, तर तिचा भार शरीरावर साचत जातो आणि त्यातून आजार उद्भवतात.

१४/१८
कथेतील पुढचे महत्त्वाचे पाऊल बेंगळुरूत पडले. तेथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी, अजय व्यास आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पससोबत अमिग्डला हा भयाशी निगडित भागही तपासला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : दहा दिवसांच्या त्याच तणावाने हिप्पोकॅम्पसमधील फांद्या घटतात, पण अमिग्डलातील वाढतात.

१५/१८
२००४ मध्ये याच गटाने पुढची पायरी गाठली. तणाव थांबवून उंदरांना २१ दिवस निवांत ठेवले, तरी अमिग्डलातील वाढलेल्या फांद्या तशाच राहिल्या. उंदरापुरते बोलायचे तर स्मृतीचा भाग सावरतो आणि भयाचा भाग मागे रेंगाळतो. संकट टळले की सारे पूर्ववत होते, या समजुतीला पेशींच्या पातळीवर बसलेला हा तडा होता.

१६/१८
माणसाचे काय? जिवंत माणसाच्या मेंदूचे काप घेता येत नाहीत, म्हणून आजार हाच आरसा ठरला. कुशिंग विकारात शरीरात कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक अति प्रमाणात तयार होते. मोनिका स्टार्कमन यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले, की उपचारांनी कॉर्टिसॉल उतरले तेव्हा या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार पुन्हा वाढला.

१७/१८
तरीही घाई नको. युद्धानंतरच्या मानसिक आघाताने ग्रस्त सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान आढळतो, याचा अर्थ सरळ वाटत होता. २००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांची त्यांच्या समरूप जुळ्या भावांशी तुलना केली. युद्ध न पाहिलेल्या भावांचा हिप्पोकॅम्पसही लहान निघाला. म्हणजे तो काही अंशी आघाताचा परिणाम नसून आघात सोसण्याआधीची नाजूक जागा असू शकतो.

१८/१८
मॅक्एवन २०२० च्या जानेवारीत निवर्तले. तणावाची प्रत्येक खूण पेशीत सापडते, असे हा इतिहास सांगत नाही. त्याने मोडून काढला तो १९१५ चा हिशेब : 'खूण दिसत नाही, म्हणून आजार नाही.' तेव्हा खूण दिसली नाही, कारण काय मोजायचे हेच ठाऊक नव्हते. पण त्या न दिसण्याच्या आधारावर माणसांना भ्याड ठरवण्यात आले. एखाद्याच्या वेदनेचा पुरावा आज हाती नसेल, तर तो आपल्या ज्ञानाचा तोकडेपणाही असू शकतो, एवढे तरी या ९० वर्षांतून शिकण्यासारखे आहे.