सरकीचे यंत्र आणि ‘गुलामगिरी’

१७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीने कापसातील सरकी काढण्याचे यंत्र रचले. माणसाचे कष्ट हलके करणारी ही युक्ती. परंतु घडले विपरीत. सरकी झटपट निघू लागताच कापूस किफायतशीर ठरला, मळे पश्चिमेस मिसिसिपीपलीकडे पसरले आणि वेचणीसाठी गुलामांची मागणी वाढली. १७९० साली सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० पर्यंत ४० लाखांच्या घरात गेले! यंत्राला बोल का लावावा? लोभ मळेवाल्यांचा होता.

त्याच भूमीत १८३१ साली विल्यम लॉइड गॅरिसनने बोस्टनहून ‘लिबरेटर’ पत्र काढून गुलामांच्या तत्काळ मुक्तीचा पुकारा केला. यादवी युद्धानंतर, १८६५ साली, दास्य कायद्याने संपले. इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ त्या मुक्तिकार्याबद्दल अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही आशा त्यांनी अर्पणपत्रिकेतच नमूद केली.