उपऱ्यांचे जिनिव्हा

एखाद्या शहराचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल तर तेथे पुतळे कोणाचे उभे आहेत हे आधी पाहावे, आणि मग ज्यांचे पुतळे आहेत ती माणसे त्या गावची होती काय, याची चौकशी करावी. पहिल्या गोष्टीला डोळे पुरतात. दुसरीसाठी थोडा इतिहास चाळावा लागतो. स्वित्झर्लंडच्या पश्चिम टोकाला, लेमान सरोवराच्या काठी वसलेल्या जिनिव्हात ही चौकशी केली तर उत्तर मोठे नवलाचे मिळते. या शहराने ज्यांना दगडात कोरून मिरवले ते बहुतेक बाहेरून आलेले उपरे. आणि याच मातीत जन्मून जगाला ठाऊक झालेल्या दोन सुपुत्रांना हयातीत येथे थारा मिळाला नाही. पिकते तेथे विकत नाही, ही आपली म्हण या सरोवराकाठी अगदी शब्दशः खरी ठरली आहे. तेव्हा वाचकहो, या शहरातील प्रेक्षणीय स्थळांची फेरी मारताना आपण एकच प्रश्न सोबत घेऊ : येथे दार कोणासाठी उघडले आणि कोणावर बंद झाले?

सरोवराच्या धक्क्यावर उभे राहिले की पहिल्याने नजरेत भरते ते कारंजे. ऱ्होन नदी सरोवरातून बाहेर पडते त्याच तोंडाशी पाण्याचा पांढराशुभ्र स्तंभ आकाशात १४० मीटर चढतो. दर सेकंदाला ५०० लिटर पाणी ताशी २०० किलोमीटर वेगाने वर फेकले जाते. हवा निवळ असेल तर त्याच्या पलीकडे माँ ब्लाँचे हिमशिखर दिसते. परंतु हे कारंजे मुळी शोभेसाठी जन्मले नव्हते. १८८६ साली नदीवरच्या जलकेंद्रातून शहरातल्या कारागिरांच्या यंत्रांना दाबाखालचे पाणी पुरवले जाई. संध्याकाळी कारागीर आपापली यंत्रे बंद करीत आणि नळांतील दाब एकाएकी वाढे. तो सोडून देण्यासाठी एक झडप बसवली. तिच्यातून सुमारे ३० मीटर उंच फवारा उडू लागला आणि लोक तो पाहायला जमू लागले. १८९१ साली तो मुद्दाम सरोवरात आणला, आणि १९५१ साली त्याला आजचे रूप मिळाले. युरोपातल्या धर्मयुद्धांचा आणि राज्यक्रांत्यांचा दाब असह्य झाला म्हणजे माणसेही अशीच या सरोवराच्या तोंडाशी येऊन बाहेर पडत, हे लक्षात घेतले की ही झडप या शहराची खूण का व्हावी ते उमगते.

धक्का सोडून जुन्या गावाच्या टेकडीवर चढावे. माथ्यावर सेंट पीटरचे देवालय आहे. त्याचे बांधकाम बाराव्या शतकात सुरू झाले. दर्शनी खांब मात्र अठराव्या शतकातले. आत शिरल्यावर जाणवतो तो रितेपणा. १५३५ साली धर्मसुधारकांनी येथल्या मूर्ती फोडल्या, आणि पुढच्याच वर्षी सगळ्या नगराने सुधारलेला पंथ स्वीकारला. त्याच १५३६ साली जॉन कॅल्व्हिन नावाचा सत्तावीस वर्षांचा फ्रेंच पंडित वाटेतला एका रात्रीचा मुक्काम म्हणून येथे उतरला. फारेल या धर्मोपदेशकाने त्याला गळ घालून, शापाची भीती दाखवून ठेवून घेतले. दोन वर्षांत गाव या दोघांना कंटाळले आणि त्यांना हाकलले. १५४१ साली कॅल्व्हिनला पुन्हा सन्मानाने बोलावले. ओसरी मागायला आलेला पाहुणा घरधनी झाला, तो असा. लोकांनी काय ल्यावे, काय गावे, देवळात केव्हा यावे, यांवर त्याची आणि त्याच्या मंडळींची नजर असे. गंमत अशी की ज्याच्या शब्दाने गाव चाले त्याला नगराचे नागरिकत्व मिळाले ते १५५९ साली, मरणाआधी अवघी पाच वर्षे. त्याची म्हणून दाखवतात ती लाकडी खुर्ची देवालयात अजून आहे. कबर मात्र त्याने आपल्या इच्छेने खुणेवाचून ठेवायला लावली.

टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या तटबंदीलाच टेकून, शंभर मीटर लांबीची धर्मसुधारणेची भिंत आहे. कॅल्व्हिनच्या जन्माला चारशे वर्षे झाली तेव्हा, १९०९ साली, तिचा पाया घातला. १९१७ साली ती पुरी झाली. मध्यभागी पाच मीटर उंचीचे चार पुरुष लांब झगे घालून उभे आहेत : फारेल, कॅल्व्हिन, बेझा आणि जॉन नॉक्स. पहिले तिघे फ्रेंच, चौथा स्कॉटलंडचा. गावचा एकही नाही!

भिंतीवर ज्याला जागा नाही अशा एका उपऱ्याचा दगड पाहायला शहराच्या दक्षिणेला शांपेलच्या उतारावर जावे लागते. मायकेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य. फुप्फुसांतून रक्त कसे फिरते याचे वर्णन युरोपात प्रथम छापणारा तो हाच. ईश्वराचे त्रित्व त्याला मान्य नव्हते, म्हणून फ्रान्समधल्या कॅथलिकांनी त्याला कैदेत टाकले. तेथून निसटून तो १५५३ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला आला, रविवारी देवळात गेला, आणि तेथेच ओळखला गेला. कॅल्व्हिनने त्याच्यावर आरोप ठेववले. जाळण्याऐवजी शिरच्छेद व्हावा एवढी सवलत त्याने सुचवली, ती नगरसभेने मानली नाही. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी सर्व्हेटसला जिवंत जाळले. स्वतः छळामुळे देश सोडून आलेल्या माणसाने दुसऱ्या परागंदा माणसाला चितेवर पोचवले, ही या आश्रयनगराच्या इतिहासातील सर्वांत काळी ओळ होय. कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी १९०३ साली तेथे प्रायश्चित्ताचा दगड उभारला. पुतळा उभारायला मात्र शहराला २०११ साल उजाडावे लागले.

तरीही माणसे येतच राहिली. फ्रान्समध्ये १५७२ साली प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, १६८५ साली त्यांना दिलेले अभयपत्र रद्द झाले; दोन्ही वेळा निर्वासितांचे लोंढे या वेशीवर येऊन थडकले. त्यांनी येताना हातांतले कसब आणले. घड्याळे करणारे कितीतरी कारागीर त्यांत होते. कॅल्व्हिनच्या शिस्तीने दागिन्यांवर बंधन आले होते, तेव्हा गावचे सोनारही या कामाकडे वळले. घड्याळजींची पंचायत येथे १६०१ साली स्थापन झाली. सरोवराकाठच्या बागेत १९५५ साली केलेले फुलांचे घड्याळ आज प्रवासी हौसेने पाहतात. त्याच्या काट्यांमागे परागंदा कारागिरांचे हात आहेत हे ध्यानात ठेवावे.

असल्याच एका निर्वासित बाईची आठवण जिनिव्हा दर डिसेंबरात काढते. १६०२ च्या डिसेंबरातील एका काळोख्या रात्री सॅव्हॉयच्या ड्यूकचे सैनिक शिड्या लावून तटावर चढले. गाव झोपेत होते. आख्यायिका अशी की तटाजवळ राहणाऱ्या मेर रॉयोम या बाईने चुलीवरचे उकळते सूप हंड्यासकट खिडकीतून शत्रूच्या टाळक्यावर ओतले. गाव जागे झाले आणि वाचले. त्या रात्री जिनिव्हाची अठरा माणसे पडली. ही बाई मूळची लिआँची. १५७२ च्या कत्तलीनंतर नवऱ्याबरोबर पळून आलेली. आज त्या दिवशी घरोघरी चॉकलेटचा हंडा आणतात, आणि घरातले सर्वांत धाकटे व सर्वांत थोरले माणूस मिळून तो फोडतात.

पण गाव वाचवणे निराळे आणि गावकरी होणे निराळे. निर्वासितांची मुले, नातवंडे जिनिव्हात जन्मली तरी त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळत नसे. अशांना ‘नातिफ’, म्हणजे ‘इथे जन्मलेले’, म्हणत. कर त्यांनी द्यावा, घड्याळे त्यांनी घडवावी. मत देण्याचा हक्क मात्र त्यांना नव्हता. अठराव्या शतकात त्यांनी यासाठी वारंवार चळवळ केली. तीन पिढ्या राहूनही ‘बाहेरचा’ म्हणवून घेण्याचे दुःख काय असते हे सांगायला आपल्याला शब्दकोश उघडावा लागत नाही.

आता गावच्या सुपुत्रांकडे वळू. ऱ्होनच्या मुखावरील एका लहानशा बेटावर जाँ-जाक रूसोचा बसलेला पुतळा आहे. हा घड्याळजीचा मुलगा १७१२ साली जुन्या गावातल्या ग्राँद-र्‍यू या गल्लीत जन्मला. तो खोदकाम करणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करीत होता. १७२८ साली एका रविवारी तो वेशीबाहेर फिरायला गेला आणि परतायला उशीर झाला. पाहतो तो वेशीचे दार लागलेले! मालकाचा मार खाण्यापेक्षा निघून गेलेले बरे असे त्या पंधरा वर्षांच्या पोराने ठरवले. पुढे तो जगप्रसिद्ध झाला, ‘जिनिव्हाचा नागरिक’ असे बिरुद पुस्तकांवर अभिमानाने मिरवू लागला. आणि १७६२ साली त्याच जिनिव्हाने त्याचे ‘एमिल’ आणि ‘सामाजिक करार’ हे ग्रंथ नगरभवनासमोर जाळले. दुसऱ्या वर्षी त्याने नागरिकत्व परत केले. पुतळा आला तो १८३५ साली. तो तक्रार करणार नाही याची तोवर खात्री झाली होती.

त्या नगरभवनातच एक दालन आहे. १८६४ च्या ऑगस्टमध्ये बारा राष्ट्रांनी येथे पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या, की रणांगणावरील जखमी शत्रू असला तरी त्याची शुश्रूषा झाली पाहिजे. यामागे हेन्री ड्यूनां या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याची तळमळ होती. १८५९ साली सॉल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमींना वाऱ्यावर सोडलेले त्याने डोळ्यांनी पाहिले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि १८६३ साली पाच जणांच्या समितीतून रेडक्रॉस उभी राहिली. पण १८६७ साली त्याचा धंदा बुडाला. लोकांचे पैसे बुडाले, कोर्टाने दोषी धरले, समितीने नाव काढून टाकले. ड्यूनांने गाव सोडले ते कायमचे. अखेरची वर्षे त्याने स्वित्झर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, हाइडेन गावच्या रुग्णालयातल्या एका खोलीत काढली. १९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले. तो १९१० साली वारला. जिनिव्हाला परतला नाही.

सावकारांना तोंड चुकवणाऱ्या या लेकाला विसरणाऱ्या शहराने एका श्रीमंत पाहुण्याचे केवढे कोडकौतुक केले ते धक्क्यावरच दिसते. ब्रुन्सविकच्या ड्यूकला त्याच्या प्रजेने १८३० साली हाकलले होते. १८७३ साली तो जिनिव्हात मेला आणि सगळी संपत्ती शहराला देऊन गेला. अट एकच, व्हेरोनातील समाध्यांच्या धर्तीवर आपली टोलेजंग समाधी बांधावी. ती बांधली. तेथून थोड्याच अंतरावर, १० सप्टेंबर १८९८ रोजी, टोपणनावाने उतरलेली ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ बोटीकडे निघाली असता एका इटालियन अराजकवाद्याने तिच्या छातीत कानस खुपसली. मरणारी परकी, मारणाराही परका. गाव फक्त साक्षीला.

सरोवरापासून वर, आरियाना उद्यानात, राष्ट्रसंघाचा विशाल प्रासाद आहे. १९२० साली जन्मलेला हा संघ १९३६ साली या वास्तूत आला. त्याच वर्षी ३० जूनला इथिओपियाचा परागंदा सम्राट हेले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे न्याय मागायला उभा राहिला. इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या, आणि राष्ट्रांनी सहानुभूतीपलीकडे फारसे काही दिले नाही. संघ १९४६ साली विसर्जित झाला. आज तेथे संयुक्त राष्ट्रांचे युरोपातील कार्यालय आहे. समोरच्या चौकात बारा मीटर उंचीची, एक पाय तुटलेली लाकडी खुर्ची आहे. भूसुरुंगांनी पाय गमावलेल्यांसाठी ती १९९७ साली उभारली.

जोराचा वारा सुटला की सरोवरातले कारंजे बंद करतात, नाहीतर पाणी धक्क्यावर येते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये युरोपात वादळ ऐन भरात असताना स्विस सरकारनेही असेच दार लावून घेतले. केवळ वंशामुळे छळ होतो एवढे कारण आश्रयाला पुरेसे नाही, असा हुकूम निघाला, आणि जिनिव्हाच्या सीमेवरून ज्यू निर्वासित परत पाठवले गेले. कित्येकांना आत घेतले हेही खरे. पण ज्यांना फिरवले त्यांना जायला जागा नव्हती. १९९५ साली स्विस राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल क्षमा मागितली.

फेरीचा शेवट आपल्या माणसापाशी करू. सेंट जॉर्ज दफनभूमीत श्यामजी कृष्णवर्मा आणि त्यांच्या पत्नी भानुमती यांच्या रक्षा ठेवलेल्या होत्या. श्यामजी कच्छमधल्या मांडवीचे, मुंबईत शिकलेले, संस्कृतचे गाढे पंडित. टिळकांच्या शिफारशीवरून आणि श्यामजींच्या मार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवरच सावरकर १९०६ साली लंडनला गेले. इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे श्यामजींनी लंडन सोडले, मग पॅरिस सोडले, आणि १९१४ साली या सरोवराकाठी आले. ३० मार्च १९३० रोजी येथेच वारले. स्वतंत्र हिंदुस्थानात आपली रक्षा जावी ही त्यांची इच्छा होती. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. रक्षा आणायला कोणी गेले ते २००३ साली.

म्हणजे ७३ वर्षे एका परक्या गावाने आपल्या माणसाची ठेव सांभाळली, आणि त्यांतली ५६ वर्षे ती परत नेण्याची मोकळीक आपल्याला होती. जिनिव्हाने आपल्या लेकांना दार लावले म्हणून बोट दाखवताना, आपलेही दार किती उशिरा उघडले, हे मी तरी विसरू शकत नाही.