तळटीप १४ : नवे शासक
१४. नवे शासक : अमेरिकन विधिपंडिता केट क्लोनिक यांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मधील २०१८ सालच्या प्रबंधात फेसबुक, ट्विटर व यूट्यूब या कंपन्यांना दिलेले नाव. कोणता मजकूर ठेवावा व कोणता काढावा याचा निवाडा करणारी या कंपन्यांची नियमावली अमेरिकन वाक्स्वातंत्र्याच्या संस्कारात वाढलेल्या वकिलांनी घडविली, हे क्लोनिक यांनी माजी अधिकाऱ्यांच्या मुलाखतींच्या आधारे दाखविले. व्हिएतनाम युद्धातील होरपळलेल्या बालिकेचे १९७२ सालचे छायाचित्र फेसबुकने २०१६ साली अशाच नियमावलीतील नग्नतेच्या नियमाखाली काढले व निषेध उठताच बहाल केले, त्या वेळी एकेका मजकुरासाठी अपिलाची तरतूदच नव्हती. ती २०१८ साली झाली. मूळ पाठातील ‘दाद मागण्याचा हक्क’ तो हाच, आणि त्यावाचून कंपन्यांचा असला अंमल न्याय्य ठरत नाही.