कावसजीचे नाक : तीन राज्ये आणि एक शस्त्रक्रिया

१/ मराठीत ‘नाक कापले जाणे’ म्हणजे अब्रू जाणे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात कावसजी नावाच्या मराठा शेतकऱ्याच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरला. इंग्रज फौजेत बैल हाकणारा हा गडी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला.

२/ पुढे तो मुंबईच्या फौजेत परतला, कंपनीचे निवृत्तिवेतन त्याला मिळू लागले. सुमारे वर्षभर तो नाकाविना वावरला. इलाज सापडला तो पुण्याजवळ, पेशव्यांच्या मुलखात. घाव एका राज्यात, वेतन दुसऱ्याचे, नाक तिसऱ्यात!

३/ नाक घडवणारा होता विटा पाडणाऱ्या जातीचा एक कारागीर. त्याने आधी मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवला, मग तो कपाळावर पसरून रेषा आखली. तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. रक्तपुरवठा टिकावा म्हणून दोन डोळ्यांमधली पट्टी जोडलेलीच ठेवली.

४/ वर पाण्यात कालवलेल्या काताची फडकी, चार दिवसांनी तुपात भिजवलेली. जोडपट्टी कापली सुमारे २५ व्या दिवशी. तोवर काम अपुरेच होते.

५/ लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह छापली. नवे नाक पक्के बसते, जवळजवळ नैसर्गिक दिसते, कपाळावरचा व्रण कालांतराने फारसा जाणवत नाही, असा तिचा निर्वाळा होता. कावसजीला स्वतःला काय वाटले, हे मात्र त्यात नाही.

६/ या पद्धतीचा अभ्यास करून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक घडवले आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे नाव इतिहासात राहिले. पुण्याच्या कारागिराचे नाव त्या हकीकतीतही नव्हते.

७/ आज रूप सुधारण्यासाठी परदेशी जाणाऱ्या रुग्णाचे समाधानही याच गोष्टींवर ठरते : अपेक्षेचे माप आधी घेतले का, व्रण राहील हे सांगितले का, आणि ‘पंचविसाव्या दिवसा’पर्यंत वैद्य हाताशी होता का. घाईने घरी परतलेल्या रुग्णाची जोडपट्टी कोण कापणार? शिवाय आरशासमोर शेवटचा निर्वाळा त्याचाच असतो. कावसजीला तो कोणी विचारलेला दिसत नाही.