कमी बजेटमध्ये मोटरस्पोर्ट करायचंय? सोलापूरकरांनो, गाडी घेण्याआधी हे वाचा

जुनी स्विफ्ट घ्यायची, सायलेन्सर बदलायचा, गाडी खाली बसवायची आणि रात्री हायवेला काढायची. सोलापूर असो, लातूर असो की सांगली, गाड्यांचं वेड असलेल्या पोरांचं 'रेसिंग' बहुतेक वेळा असंच सुरू होतं. आणि बऱ्याचदा तिथेच संपतं. कधी पोलिसांच्या कारवाईने, कधी गॅरेजच्या बिलाने, तर कधी त्याहून वाईट पद्धतीने.

पण करोडपती नसलेल्या माणसालाही कायदेशीर मोटरस्पोर्टमध्ये उतरता येतं, तेही सेकंडहँड गाडी घेऊन. फक्त क्रम उलटा हवा. आधी स्पर्धा ठरवायची, मग वर्ग आणि सगळ्यात शेवटी गाडी.

हायवेवर मजा केली तर काय होतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं की राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुसरी भानगड मॉडिफिकेशनची. कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्यामुळे रोल केज टाकलेली, आतून रिकामी केलेली गाडी स्पर्धेत चालेल, पण रोज सात रस्ता ते विजापूर रोड फिरवायला चालणार नाही.

इन्शुरन्सचं काय?

खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक भाग असतो. त्यात आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर वगळलेला असतो. म्हणजे स्पर्धा पूर्णपणे कायदेशीर असली तरी तिथे गाडी आपटली, तर खर्च आपल्या खिशातून.

म्हणून बजेटमधल्या गाडीची पहिली व्याख्या हीच: उद्या ती भंगारात गेली तरी ज्याचं घर अडत नाही, ती गाडी. वडिलांच्या नावावरची, कर्जाचे हप्ते चालू असलेली किंवा घरातली एकुलती एक गाडी या व्याख्येत बसत नाही.

आधी ठरवा, खेळायचं काय?

टीएसडी रॅली: टाइम, स्पीड, डिस्टन्स. सर्वांत स्वस्त दार हेच. आयोजक रस्ता आणि सरासरी वेग देतात, तुम्ही ठरलेल्या वेळेवर पोहोचायचं. समजा १८ किलोमीटरसाठी ताशी ३६ किलोमीटरची सरासरी दिली, तर बरोबर ३० मिनिटं लागायला हवीत. उशीर झाला तरी पेनल्टी आणि लवकर पोहोचलात तरी पेनल्टी. इथे वेगापेक्षा शेजारी बसलेल्या नेव्हिगेटरचं गणित जास्त चालतं. गाडी मॉडिफाय करायची गरज नाही.

ऑटोक्रॉस: मोकळ्या मैदानावर किंवा मातीच्या ट्रॅकवर वळणं आखलेली असतात. घड्याळाविरुद्ध पळायचं, सर्वांत कमी वेळ घेणारा जिंकला. ट्रॅक लहान असल्याने वेग मर्यादित राहतो. गाडी हाताळायला शिकायचं तर याच्यासारखी शाळा नाही.

ड्रॅग: सरळ रेषेत, साधारण पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी 'द व्हॅली रन' ही यातली प्रसिद्ध स्पर्धा. इथे ड्रायव्हरइतकाच इंजिनवर ओतलेला पैसाही बोलतो.

स्पेशल स्टेज रॅली: बंद केलेल्या रस्त्यावर पूर्ण वेगात, शेजारी को-ड्रायव्हर वळणं वाचून दाखवतोय. नाशिकची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची फेरी राहिली आहे. पुण्याचे संजय टकले याच खेळातून जागतिक रॅली स्पर्धेपर्यंत गेले. पण रोल केज, रेसिंग सीट, हार्नेस, आगरोधक कपडे अशी तयारी लागते. पहिल्या वर्षी याचा विचार नको.

सर्किट रेसिंग: चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे ही देशातली जुनी केंद्रं. सोलापूरहून दोन्हीकडे जायचं म्हणजे आठशे किलोमीटरच्या वरचा प्रवास, सोबत गाडी वाहून न्यायचा खर्च. त्यामुळे सर्किटचंच वेड असेल तर स्वतःची गाडी बांधण्यापेक्षा संघाची गाडी भाड्याने घेऊन उतरणं परवडतं. एलजीबी फॉर्म्युला ४ या सिंगल-सीटर गाड्यांमध्ये मारुती स्विफ्टचंच १.३ लिटर इंजिन वापरलं गेलंय. आणि कोल्हापुरात मोहितेज रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, जिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा झाल्या आहेत. सोलापूरकरांसाठी ते त्यातल्या त्यात जवळ.

यापैकी कुठेही उतरण्याआधी ती स्पर्धा १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया'च्या मान्यतेने होतेय का, हे बघा. राष्ट्रीय स्पर्धांना याच फेडरेशनचं लायसन्स लागतं.

सीसीचं गणित का महत्त्वाचं?

बहुतेक स्पर्धांत गाड्यांचे वर्ग इंजिनच्या सीसीवर पडतात. ११००, १४००, १६५० अशा मर्यादा भारतात बऱ्याच ठिकाणी दिसतात. पण प्रत्येक स्पर्धेची नियमावली वेगळी, ती डाउनलोड करून वाचायचीच.

यात एक गंमत आहे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा उत्पादन शुल्क कमी झाला. कंपन्यांनी धडाधड १.२ लिटर इंजिनं आणली. स्विफ्टचं १.३ जाऊन १.२ आलं ते त्यानंतरच. आता अशी ११९७ सीसीची गाडी १४०० च्या वर्गात उतरवली, तर आपल्यापेक्षा मोठ्या इंजिनांशी भिडावं लागतं. उलट ९९८ सीसीची अल्टो के-१० ही ११०० च्या वर्गात जवळपास वरच्या टोकाला असते.

मग गाडी कोणती?

नुसते बीएचपी बघू नका, वजनाने भागा. एक टन वजनामागे किती ताकद मिळते, तो आकडा खरा.

मारुती ८००: ३७ बीएचपी, वजन साधारण ६५० किलो. टनामागे ५७. जिंकणं अवघड, पण शिकायला आणि मोडायला सगळ्यात स्वस्त.

अल्टो के-१०: ६७ बीएचपी, वजन ७६० किलोच्या आसपास. टनामागे ८८. हलकी असल्याने टायर आणि ब्रेकही कमी खाते. पहिल्या ऑटोक्रॉससाठी ही निवड चुकत नाही.

एस्टीम: ८५ बीएचपी आणि ९०० किलोच्या आतबाहेर वजन. टनामागे ९५ च्या जवळ. जुन्या पिढीची लाडकी. अडचण वयाची. उत्पादन २००७ ला थांबलं, म्हणजे प्रत्येक एस्टीम पंधरा वर्षांच्या पुढे गेलेली आहे.

स्विफ्ट पेट्रोल: २०१८ चं मॉडेल ८२ बीएचपी आणि साधारण ८७० किलो. आकडा एस्टीमच्याच बरोबरीचा. किंमत जास्त, पण पार्ट गल्लीतल्या दुकानात मिळतो आणि मेस्त्रीला गाडी तोंडपाठ असते.

होंडा सिटी व्हीटेक आणि पोलो १.६: दोन्हींत शंभरावर बीएचपी, दोन्ही रॅलीत गाजलेल्या. पण चांगली सिटी आता शोधावी लागते आणि पोलोचे पार्ट महाग पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विचार करा.

जिप्सी: भारतीय रॅलीची राणी. फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने मातीत तोड नाही. पण २०१९ ला सामान्य ग्राहकांसाठी विक्री बंद झाली आणि मागणी इतकी आहे की ती 'स्वस्त' या यादीतून बाहेर पडली.

घेताना काय तपासाल?

एमएच-१३ पासिंगची गाडी मिळाली तर कागदांची धावपळ कमी. पुणे, कोल्हापूर किंवा बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी मागा. आरसीवर कर्जाचा बोजा आणि बाकी चलनं बघा. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला फिटनेस करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर वेगळा. हा खर्च किमतीत धरा.

गाडी बघताना पेंट नाही, चॅसिस बघा. पुढच्या शॉकअपच्या टॉवरजवळ वेल्डिंग किंवा गंज दिसला तर तिथूनच परत फिरा. दुसरा गिअर टाकताना कुरकुरतोय का ते पाहा, कारण ऑटोक्रॉसमध्ये सगळ्यात जास्त काम त्यालाच असतं. आणि ट्रायल भर दुपारी घ्या. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रेडिएटर, फॅन आणि हेड गॅस्केटचं खरं रूप बाहेर येतं.

पैसे आधी कुठे घालायचे?

अमेरिकेत २००६ पासून '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची भन्नाट स्पर्धा होते. मूळ नियम असा की गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी. पण सुरक्षेच्या सामानाचा खर्च त्या मर्यादेत धरत नाहीत. गाडी कितीही खटारा चालेल, ड्रायव्हरचा जीव स्वस्त नाही, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडेही हाच हिशेब ठेवा. बजेटचा अर्ध्याहून जास्त भाग गाडीच्या किमतीत घालवू नका. उरलेल्यात पहिला नंबर टायरचा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २४१९ म्हणजे २०१९ च्या २४ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर कडक झालेला असतो. मग ब्रेक पॅड, नवीन ब्रेक ऑइल, सीट बेल्ट आणि हेल्मेट. बाइकच्या हेल्मेटवर भागवू नका. गाडीच्या स्पर्धेसाठीच्या हेल्मेटचं अस्तर आग सोसणारं असतं. सायलेन्सर, स्टिकर, रिमॅपिंग सगळ्यात शेवटी.

एक रुपया न घालवता सुरुवात करायची असेल तर?

एखाद्या स्पर्धेत मार्शल म्हणून काम करा किंवा मित्राच्या गाडीत नेव्हिगेटर बसा. कोणती गाडी टिकते, कोणती दर फेरीला बॉनेट उघडून उभी असते, हे एका दिवसात कळतं. तिथून परत आलात की सेकंडहँडच्या जाहिराती उघडा. तोवर पैसे बँकेत राहू द्या, आणि हायवे ट्रकवाल्यांना.