मूलपेशी उपचारानंतर पुन्हा उभे राहणे : मज्जा प्रत्यारोपण आणि पुनर्वसनाचा इतिहास

प्रस्तावना

मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, हा शब्द ऐकला की प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि एखादे नवे संशोधन डोळ्यांसमोर येते. पेशी शरीरात सोडल्यानंतर रुग्ण पुन्हा जिना कसा चढतो, याचा विचार सहसा होत नाही. या टिपणात मूलपेशी उपचाराच्या या दुसऱ्या भागाचा इतिहास पाहायचा आहे.

छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. हा आजार मुळापासून बरा करणारा, सर्वांत जास्त काळ वापरात असलेला उपचार म्हणजे मज्जा प्रत्यारोपण. त्यामुळे रायपूरच्या बूढापाऱ्यातील किंवा गडचिरोलीतील एखाद्या कुटुंबासाठी हा विषय दूरचा राहत नाही.

प्रत्यारोपणात काय घडते?

आपल्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. प्रत्यारोपणात प्रथम तीव्र औषधे आणि काही वेळा किरणोत्सर्ग देऊन रुग्णाची जुनी मज्जा निकामी केली जाते. मग दात्याच्या मूलपेशी रक्त चढवावे तशा शिरेतून दिल्या जातात. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

नवी मज्जा काम करू लागेपर्यंतचे काही आठवडे कठीण असतात. पांढऱ्या पेशी जवळजवळ नसल्यामुळे संसर्गाची भीती असते. म्हणून रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. ताप, उलट्या आणि तोंडातील फोड यांमुळे जेवण जात नाही. याच दिवसांत स्नायू झपाट्याने रोडावतात.

मुंबई, 1983

अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी मज्जा प्रत्यारोपणाचे सुरुवातीचे प्रयत्न 1957 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना 1990 चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण 20 मार्च 1983 रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि दाता होता तिचा भाऊ. पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, अमेरिकेतून सिकलसेल आणि रक्ताचा कर्करोग असे दोन्ही आजार असलेल्या एका मुलीची हकिगत प्रसिद्ध झाली. कर्करोगासाठी केलेल्या प्रत्यारोपणाने तिचा सिकलसेलही बरा झाला होता.

मुंबईतील प्रत्यारोपण करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांना वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाला होता आणि ते चाकाच्या खुर्चीवरून रुग्ण तपासत असत. अपंगत्वाच्या कारणाने त्यांना वैद्यकीय शिक्षणाचा प्रवेश सुरुवातीला नाकारला गेला होता. पाठपुरावा करून त्यांनी तो मिळवला. पुढे त्यांना 2002 मध्ये पद्मश्री आणि 2012 मध्ये पद्मभूषण मिळाले. भारतातील मूलपेशी उपचाराचा आरंभ करणारा डॉक्टर स्वतः पोलिओच्या पिढीतला होता, हे लक्षात ठेवावे. पुनर्वसनशास्त्राची भारतातील वाटही पोलिओतूनच गेली.

पोलिओतून आलेली शाखा

फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचाराच्या अनुभवातून त्यांनी 1947 मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी केंद्र सुरू केले. 1950 च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. 1955 मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली.

या परंपरेने वैद्यकाला एक वेगळा प्रश्न शिकवला. आजार गेला का, एवढे विचारून ती थांबत नसे. माणूस उठतो का, चालतो का, शाळेत किंवा कामावर जातो का, हे ती विचारी. पोलिओने गेलेले चेतातंतू परत आणता येत नव्हते. तरीही उरलेले स्नायू बळकट करणे, सांधे आखडू न देणे आणि कॅलिपर लावून चालायला शिकवणे शक्य होते.

मज्जा प्रत्यारोपणाच्या सुरुवातीच्या दशकांत मात्र मुख्य प्रश्न रुग्ण वाचतो की नाही हाच होता. जे मोजले जात होते त्याकडेच लक्ष जात होते, आणि मोजले जात होते ते जगलेले महिने व वर्षे.

'पडून राहा' ते 'उठून चाला'

आजारी माणसाने पडून राहावे, ही समजूत जुनी आहे. 1947 मध्ये ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला. 1966 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना सुमारे तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. एवढ्या काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तीच माणसे पुन्हा तपासली, तेव्हा तीन आठवड्यांच्या विश्रांतीने झालेली घट तीस वर्षांच्या वाढत्या वयाने झालेल्या घटीपेक्षा मोठी होती, असे दिसले. निरोगी विशीतल्या मुलांचे हे झाले, तर केमोथेरपीने थकलेल्या रुग्णाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

मूलपेशी रुग्णांबाबतचा एक महत्त्वाचा पुरावा 1997 मध्ये जर्मनीतून आला. फर्नांडो दिमेओ आणि सहकाऱ्यांनी तीव्र केमोथेरपी व स्वतःच्याच मूलपेशी दिलेल्या 70 रुग्णांचे दोन गट केले. 33 जणांना रुग्णालयात असतानाच पलंगावर पडल्या पडल्या चालवता येणारी सायकल रोज थोड्या थोड्या वेळाने चालवायला दिली. 37 जणांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. व्यायाम न करणाऱ्या गटात शारीरिक क्षमतेची घट 27 टक्क्यांनी अधिक होती. व्यायाम करणाऱ्यांचे रुग्णालयातील दिवसही कमी झाले.

घरी परतल्यानंतर

रुग्णालयातून सुट्टी मिळाली की उपचार संपला, असे घरच्यांना वाटते. खरे तर शरीराचे काम तेव्हा सुरू झालेले असते. तीन अडचणी नेहमी भेटतात.

1. स्टेरॉइडमुळे येणारी अशक्तता. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर किंवा आतड्यांवर हल्ला करू शकतात. तो रोखण्यासाठी स्टेरॉइड देतात. त्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. रुग्ण सपाटीवर चालतो, पण खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही. म्हणून खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा साधा व्यायामही महत्त्वाचा ठरतो.
2. सांधे आखडणे. हाच हल्ला दीर्घकाळ चालला तर त्वचा कडक होते आणि कोपर, मनगट, घोटे पुरते वळत नाहीत. रोजचे ताण देण्याचे व्यायाम लवकर सुरू करावे लागतात.
3. खुब्याचे हाड. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड आधीच झिजलेले असू शकते. नवी मज्जा नवे रक्त देते, पण झिजलेले हाड दुरुस्त करत नाही.

व्यायामाची मात्राही औषधासारखीच ठरवावी लागते. प्लेटलेट फार कमी असताना वजन उचलण्याचे व्यायाम टाळतात, ताप असेल तर थांबतात. पहिले काही महिने गर्दी, धूळ आणि साचलेले पाणी यांपासून दूर राहायचे असते. बूढापाऱ्यातील रुग्णाने बूढा तालाबाच्या काठी फिरायला जाण्याआधी घराच्या ओसरीत किंवा गच्चीवर फेऱ्या मोजाव्यात, असा याचा व्यावहारिक अर्थ. बाहेर कधी पडायचे ते उपचार करणारे डॉक्टर सांगतील.

श्रेय कोणाचे?

पुनर्वसनाचा हा इतिहास आणखी एका कारणासाठी माहीत हवा. मज्जेचा कंबरेखालच्या पक्षाघाताशी किंवा मेंदूच्या विकारांशी संबंध जोडून मूलपेशींची इंजेक्शने देणारे उपचार भारतात वाढले. अशा उपचारांसोबत बहुधा अनेक आठवड्यांची फिजिओथेरपीही असते. रुग्ण थोडा सुधारला, तर सुधारणा कशाने झाली?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. यंत्रात एकाच वेळी दोन बदल केले आणि कंप कमी झाला, तर श्रेय कोणत्या बदलाला द्यायचे ते सांगता येत नाही. त्यासाठी एक गट फक्त फिजिओथेरपीचा आणि दुसरा फिजिओथेरपी अधिक पेशींचा, अशी तुलना करावी लागते. दिमेओ यांच्या अभ्यासाचे महत्त्वही तुलनेच्या गटामुळेच आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2007 च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात मूलपेशी 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. 2013 च्या सुधारित आवृत्तीच्या नावातून 'उपचार' हा शब्द काढला गेला. 2017 च्या आवृत्तीनेही रक्ताच्या मान्य आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडून मूलपेशींचा इतर वापर रीतसर चाचणीपुरताच मर्यादित ठेवला. लाखो रुपये आणि घरदार पणाला लावणाऱ्या कुटुंबासाठी या एका शब्दाचे मोल फार आहे.

समारोप

रक्ताच्या आजारांत मूलपेशींनी खरोखर प्राण वाचवले आहेत. वाचलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याची विद्या मात्र त्याआधीच, पोलिओच्या वॉर्डात घडत होती. या दोन शाखा एकत्र यायला काही दशके गेली. कोणत्याही उपचाराचा विचार करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : आजार कशाने गेला, आणि माणूस कशाने उभा राहिला?

विचारासाठी प्रश्न

1. सुरुवातीच्या काळात मज्जा प्रत्यारोपणाचे यश कशाने मोजले जात होते? त्याचा पुनर्वसनावर काय परिणाम झाला?
2. मज्जा प्रत्यारोपणाने सिकलसेल बरा झाल्यावरही रुग्णाच्या कोणत्या अडचणी राहू शकतात?
3. 'मूलपेशी आणि फिजिओथेरपी' अशा एकत्रित उपचाराची परिणामकारकता तपासण्यासाठी चाचणी कशी आखाल?