चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार

अफूच्या व्यसनावर औषध देऊन उपचार करावा, ही कल्पना आधुनिक समजली जाते. वस्तुतः शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील अनेक शहरांत ती सार्वजनिक दवाखान्यांतून राबवली जात होती. ती मोडीत निघाली एका करविषयक कायद्यामुळे. हा थ्रेड त्या खंडित इतिहासाविषयी.

डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेत हॅरिसन कायदा संमत झाला. अफू आणि कोका यांपासून बनणाऱ्या पदार्थांच्या व्यापाराची नोंद ठेवावी व त्यावर कर घ्यावा, एवढेच त्याचे उघड प्रयोजन. डॉक्टरांना सूट होती. अट अशी की औषध वैद्यकीय व्यवसायाच्या ओघात दिलेले असावे. पण 'व्यवसायाच्या ओघात' म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे? डॉक्टरांनी की करखात्याने?

मार्च १९१९ मध्ये वेब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. व्यसनी माणसाला त्रास होऊ नये एवढ्यासाठी लिहिलेली मॉर्फिनची चिठ्ठी ही चिठ्ठीच नव्हे, असा त्याचा आशय. एका मताच्या फरकाने हजारो रुग्ण डॉक्टरांच्या दारातून बाहेर पडले. त्यांतील अनेकांना ही सवय मुळात डॉक्टरांच्याच औषधाने लागली होती, हे विसरता येत नाही.

त्यांच्यासाठी सुमारे चाळीस शहरांनी दवाखाने उघडले. न्यूयॉर्कचा दवाखाना गर्दीच्या गोंधळात वर्षभरातच बंद पडला आणि टीकाकारांना आयते उदाहरण मिळाले. लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे मात्र डॉ. विलिस बटलर यांनी निराळी घडी बसवली. रुग्णाची तपासणी व नोंद होई. जे बरे होण्याजोगे वाटत त्यांना रुग्णालयात ठेवून व्यसन सोडवले जाई. जे वृद्ध वा दुर्धर आजाराने ग्रस्त असत त्यांना ठरावीक मात्रेत, स्वस्त दरात मॉर्फिन मिळे. रुग्णाने कामधंदा करावा, अशी अपेक्षा असे. स्थानिक पोलीस व न्यायाधीशही बटलर यांच्या बाजूने होते. तरीही केंद्रीय अधिकाऱ्यांच्या दबावाखाली फेब्रुवारी १९२३ मध्ये या दवाखान्याला टाळे लागले.

दोनच वर्षांनी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सूर बदलला. स्पोकेनचे डॉ. लिंडर यांनी, सरकारी खबरी म्हणून आलेल्या एका स्त्रीला चार गोळ्या दिल्या होत्या. व्यसनी हे रुग्ण आहेत आणि सद्भावनेने दिलेली अल्प मात्रा गुन्हा ठरत नाही, असे न्यायालयाने १९२५ मध्ये एकमताने म्हटले. निकाल उत्तम होता. फक्त तोवर दवाखाने उरले नव्हते आणि डॉक्टरांची भीती गेली नव्हती.

पुढची चार दशके तुरुंग, किंवा केंटकीतील लेक्झिंग्टनसारखे तुरुंगवजा रुग्णालय. तेथे काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ मेरी नायस्वांडर यांनी व्यसनी हा रुग्ण आहे अशी भूमिका मांडणारे पुस्तक १९५६ मध्ये लिहिले. ते वाचून रॉकफेलर संस्थेतील चयापचयाचे अभ्यासक व्हिन्सेंट डोल यांनी त्यांना सोबत घेतले. दोघांनी आधी मॉर्फिन देऊन पाहिले. मात्रा वाढतच गेली. रुग्ण दिवसभर सुस्त बसून पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत. मग मेथाडोन दिले, आणि तेच लोक चित्रे काढू लागले, शिक्षणाची चौकशी करू लागले.

कारण साधे आहे. हेरॉइनचा (आपल्याकडे १९८०च्या दशकात 'गर्द' म्हणून कुख्यात झालेल्या पदार्थाचा) अंमल काही तासांत उतरतो आणि व्यसनी ज्याला 'टर्की' म्हणतात ती यातना सुरू होते. मेथाडोन मेंदूतील त्याच जागा व्यापते, पण संथपणे, आणि एक मात्रा दिवसभर पुरते. ना नशा, ना टर्की. माणसाला सकाळी कामावर जाता येते.

अंमली पदार्थ खात्याचा माणूस डोल यांना कायदेभंगाची ताकीद देऊन गेला. माझ्यावर खटला भरा, म्हणजे न्यायालयात निकाल लागेल, असे त्यांनी सुचवले. खटला झाला नाही. १९६५ मध्ये २२ रुग्णांवरील त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यथावकाश मान्यता आली, पण १९७०च्या दशकातील नियमांनी मेथाडोनला खास परवान्याच्या केंद्रांत कोंडले. रोज रांगेत उभे राहून, परिचारिकेसमोर औषध प्यायचे.

ही भिंत ओलांडली ब्युप्रेनॉर्फिनने. ठरावीक मर्यादेपुढे त्याचा परिणाम वाढत नाही. त्यामुळे श्वास थांबण्याचा धोका बराच कमी. फ्रान्सने १९९५ मध्ये ते लिहिण्याची मुभा सर्वसाधारण डॉक्टरांना दिली. चार वर्षांत तेथील अतिमात्रेचे मृत्यू जवळजवळ चार-पंचमांशाने घटले. अमेरिकेने २००० सालच्या कायद्याने परवानगी दिली खरी, पण खास प्रशिक्षण, वेगळी नोंदणी आणि सुरुवातीला ३० रुग्णांची मर्यादा घालून. वेदनेसाठी ऑक्सिकोडोन लिहिणाऱ्या डॉक्टरला मात्र अशी कोणतीच अट नव्हती! ती वेगळी नोंदणी डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली आणि वस्तीतल्या साध्या दवाखान्यातला डॉक्टर पुन्हा चिठ्ठी लिहू लागला. मेथाडोनसाठी मात्र तेथे अजूनही परवान्याचे केंद्रच गाठावे लागते.